टॅटू फ्लॅशचा गुलाब: आधी काळा, मग लाल

अमेरिकेतल्या जुन्या टॅटूच्या दुकानांत नमुन्यांचे रंगवलेले कागद भिंतीवर लावलेले असत. त्यांना फ्लॅश म्हणतात. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं, कारागिराने तेच गोंदायचं. नॉरफोकचे कॅप कोलमन, होनोलुलूचे 'सेलर जेरी' म्हणजे नॉर्मन कॉलिन्स (१९११–१९७३) या टॅटू कारागिरांचे गरुड, खंजीर, पाकोळ्या आजही शिकणारे गिरवतात. असे कागद रंगवायला शिकायचं असेल तर सुरुवात मात्र गुलाबाने करा आणि महिनाभर गुलाबच काढा. रोज नवं चित्र घेतलं की चुका मागच्या कागदावरच राहतात, हात सुधारत नाही.

सामान फार लागत नाही. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) वॉटरकलर पेपर, काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, लाल, पिवळी, हिरवी अशा तीन पातळ शाया, ४ नंबरचे दोन गोल ब्रश, ट्रेसिंग पेपर आणि एक सुती फडकं. कागदावर काटकसर करू नका. पातळ कागद पाणी लागताच फुगतो आणि दुसऱ्या हातात त्याचे तंतू निघतात.

आधी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने खाका काढा: मधोमध वाटीसारखी कळी, तिला बिलगलेल्या तीन पाकळ्या, बाहेर दुमडलेल्या ओठांच्या पाच, खाली तीन पानं. तळहाताएवढ्या गुलाबात दोन रेघांमध्ये निदान २–३ मिमी जागा हवी. कातडीत शाई वर्षागणिक पसरते आणि दाट रेघा एकमेकींत मिसळून डाग दिसतो. ही शैली जाड आणि मोकळी आहे ती त्यामुळेच. जमलेला खाका खिडकीच्या काचेवर धरून जाड कागदावर फिकट उतरवा. मग त्यावर काळ्या शाईने रेघा ओढा. रेघ बोटांनी ओढू नका, कोपरापासून हात फिरवा. शाई रात्रभर वाळू द्या. वॉटरप्रूफ शाईसुद्धा ओली असली तर रंगात उतरते.

आता खरं काम, काळी छटा. दुमडलेल्या ओठाच्या खाली, रेघेला लागून, ३–४ मिमी रुंद काळ्या शाईचा पट्टा लावा. दुसरा ब्रश पाण्यात बुडवून फडक्यावर दोनदा टिपलेला, हातात तयार हवा. पट्ट्याची मोकळी कड ओली असतानाच या ब्रशने तिला हलकं शिवा आणि पाकळीच्या उजेडाकडे ओढत न्या. शाई आपोआप विरत जाते. ब्रश पुसा, विरलेल्या कडेवरून एकदाच फिरवा आणि थांबा. सगळा खेळ पाच-दहा सेकंदांचा आहे.

कड कडक राहिली तर ब्रश कोरडा होता किंवा तुम्ही उशीर केला. शाईत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी नक्षी फुटली तर ब्रशमध्ये पाणी जास्त होतं. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा हात घालणं ही सर्वांत सामान्य चूक; तिथे करडा चिखल होतो आणि तो निघत नाही. जुने कारागीर हा ब्रश ओठांत ओला करत, थुंकी पाण्याहून दाट म्हणून शाई धावत नसे. 'स्पिट शेडिंग' हे नाव त्यावरूनच आलं. तुम्ही पाणीच वापरा, रंगद्रव्यं पोटात जाण्यासारखी नसतात.

गुलाबाआधी रोज १५ मिनिटं ३ सेंमी × १० सेंमीच्या चौकटींत नुसती काळ्यापासून कोऱ्यापर्यंतची छटा ओढा. पहिला आठवडा एवढंच. कंटाळवाणं आहे, पण इथे टाळाटाळ केली की पाकळीत लगेच दिसते.

काळा पूर्ण वाळला की लालही तसाच ओढा, काळ्यावर थोडा चढवून. पाकळ्यांचे ओठ कोरे सोडा. पानाच्या अर्ध्या भागात काळा, मग हिरवा, टोकाशी पिवळा. ढोबळ हिशेब असा: एक तृतीयांश काळा, एक तृतीयांश रंग, उरलेला कागद. नवशिक्यांचा हात कोऱ्या जागेवरच घसरतो, सगळं भरून टाकावंसं वाटतं. तसा गुलाब दोन हात लांबून नुसता लाल गोळा दिसतो. कागद भिंतीला टेकवून मागे सरका आणि बघा.

प्रत्येक कागदावर तारीख टाका. सलग तीन गुलाबांत एकही कड कडक राहिली नाही की खंजीर घ्या. त्याचं पातं म्हणजे मधली शिरा, एका बाजूला काळी छटा, दुसरी बाजू पूर्ण कोरी. दिसायला गुलाबाहून सोपं, पण पाकळीची वाकडी रेघ खपून जाते, पात्याची खपत नाही.