सोलापूर ते जर्मनी, कुत्र्या-मांजरासकट

व्हिसा हातात पडला की मग कुत्र्याचं बघू, असं ठरवून बसला असाल तर आधी ते उलटं करा. तुमचा व्हिसा पटकन होईल किंवा रखडेल, त्याचं काही सांगता येत नाही. जनावराच्या कागदांना मात्र चार महिने लागतातच, आणि कुणाची ओळख काढून किंवा कुणाला फोन लावून त्यातला एक दिवसही कमी होत नाही. तेव्हा नोकरीची मुलाखत पक्की झाली त्याच आठवड्यात कुत्र्याला डॉक्टरकडे न्या. नोकरी नाही लागली तर चिप आणि लस वाया थोडीच जाते!

चार महिने कशाला, तर रेबीजमुळे. युरोपीय संघाने रेबीजवर बऱ्यापैकी ताबा असलेल्या देशांची एक यादी केली आहे. भारत तिच्यात नाही. त्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांना लस टोचल्याचं कार्ड पुरत नाही, लस अंगी लागल्याचा रक्तातला पुरावाही द्यावा लागतो. मांजराला यात सूट नाही. कितीतरी जण कुत्र्याची फाइल जाडजूड करतात आणि मांजराला 'ती काय, बास्केटमध्ये बसेल' म्हणून सोडून देतात. नियम दोघांना एकच.

सगळी गंमत क्रमात आहे. आधी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी चिप मानेजवळ कातडीखाली सुईने सोडतात. ती आयएसओ प्रमाणाची, १५ आकडी क्रमांकाची असावी लागते. चिप बसवल्यावर डॉक्टरांना रीडर फिरवायला लावा, दिसलेला क्रमांक स्वतः वाचा आणि कार्डावर चिकटवलेल्या स्टिकरशी ताडून पाहा. त्यानंतर रेबीजची लस. त्याच दिवशी दिली तरी चालते, पण चिपच्या आधी नाही. चिप बसण्यापूर्वी टोचलेली लस युरोपच्या हिशेबी नसल्यातच जमा, कारण ती नेमक्या याच जनावराला टोचली हे कशावरून? लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, आणि रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्ट लवकर आला म्हणून थांबणं कमी होत नाही.

रिपोर्टमध्ये रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक दिसलं पाहिजे. तपासणीही युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच व्हायला हवी. गल्लीतल्या लॅबचा रिपोर्ट कितीही चकचकीत कागदावर छापलेला असो, विमानतळावर त्याला किंमत नाही. पिल्लाला पहिली लस १२ आठवड्यांचं झाल्याशिवाय धरत नाहीत, म्हणजे सगळं वेळच्या वेळी झालं तरी पिल्लू सात महिन्यांचं होईपर्यंत निघू शकत नाही. जायचं ठरल्यावर नवीन पिल्लू घरात आणू नका, एवढंच सांगेन.

जुळे सोलापुरातल्या ओळखीच्या एका घरात असं झालं की कुत्र्याची लस दरवर्षी न चुकता झालेली, कार्ड व्यवस्थित जपून ठेवलेलं. चिप मात्र जायचं ठरल्यावर बसवली आणि 'लस तर मार्चमध्येच झाली आहे' म्हणून डॉक्टरांनी पुन्हा टोचली नाही. रक्त गेलं, रिपोर्ट उत्तम आला, आणि तारखा लावून बघताना लक्षात आलं की लस चिपच्या आधीची. मोजणी पहिल्यापासून. नवरा-बायको ठरल्या दिवशी निघाले, कुत्रं आजीपाशी राहिलं. पुढे त्याला आणायला बाईंना मुद्दाम परत जावं लागलं, कारण घरचं जनावर म्हणून साध्या नियमांत न्यायचं तर मालकाचा आणि जनावराचा प्रवास पाच दिवसांच्या अंतरात झाला पाहिजे. लेखी अधिकार देऊन दुसऱ्या कुणाबरोबर पाठवता येतं, पण पाच दिवसांची अट तेव्हाही सुटत नाही.

फुकटच्या लसीकरण शिबिरात मिळालेलं कार्ड असेल तर तेही एकदा उघडून बघा. लसीचं नाव, बॅच क्रमांक, टोचल्याची तारीख, कधीपर्यंत चालेल ती तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक, यातलं एक जरी नसलं तरी ते कार्ड घरच्या आठवणीसाठी ठेवा आणि नवीन करून घ्या.

रक्ताचं थोडं सविस्तर सांगते, कारण सोलापूरकरांची खरी अडचण तिथे आहे. नुसतं रक्त पाठवून भागत नाही. त्यातून सीरम वेगळं काढून, थंड ठेवून, कुरियरने परदेशी पाठवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर गेलेला, त्यात नमुना दुपारभर कुठे टेबलावर राहिला की संपलं. आपल्या डॉक्टरांना हे काम ठाऊक असेल तर उत्तमच. नसेल तर आढेवेढे न घेता कुत्र्याला गाडीत घालून पुण्याला न्या. परदेशी जाणाऱ्या जनावरांचं काम तिथले काही दवाखाने नेहमीच करतात; रक्त काढणं, सीरम, फॉर्मवर चिपचा क्रमांक, कुरियर, सगळं एका जागी होतं. फॉर्मवरचा चिप क्रमांक तिथेही स्वतः वाचा. १५ आकड्यांत एक आकडा चुकला की तो रिपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा झाला.

तारखा उन्हाळा टाळून लावा. गड्ड्याची जत्रा उरकल्यावर चिप आणि लस केली तर रक्ताला फेब्रुवारीचा मध्य येतो आणि निघायला मेचा मध्य. त्या उन्हात विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यातून जनावर न्यायला काही विमान कंपन्या सरळ नकार देतात. ऑक्टोबरच्या मध्यात सुरुवात केली तर फेब्रुवारीच्या मध्यात निघता येतं. जर्मनीत तेव्हा कडाक्याची थंडी असते, पण थंडीला कोट घालता येतो.

एक मात्र जमेची बाजू आहे. हा रिपोर्ट एकदा मिळाला आणि पुढचे बूस्टर तारीख न चुकवता दिले, तर रक्ततपासणी पुन्हा करावी लागत नाही. एक दिवस जरी उशीर झाला तर मात्र पुन्हा सगळं आलं.

आता मुंबई. भारतातून निघताना केंद्र सरकारच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन विभागाचा कागद लागतो. आपल्याला जवळचं केंद्र मुंबईचं. युरोपचं आरोग्य प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यातलं असतं, त्यावर सरकारी पशुवैद्यकाची सही-शिक्का हवा. खासगी डॉक्टरांनी लेटरहेडवर 'कुत्रा तंदुरुस्त आहे' लिहून दिलं तर ते या प्रमाणपत्रासाठी आधार म्हणून चालतं, त्याच्याऐवजी नाही. जर्मनीत उतरणार असाल तर नमुना जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांतला घ्या. सही झाल्यापासून दहा दिवसांत युरोपच्या दारात पोहोचायचं असतं, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यातलं. म्हणजेच दोन-तीन दिवस कुत्र्यासह मुंबईत मुक्काम आला. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांना आणि त्यांच्या सोसायटीला आधी विचारा. डोंबिवलीच्या मावशीला दारात सामानाबरोबर कुत्रं दिसावं, हे बरं नव्हे.

सोलापूर ते मुंबई रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. ती पेटी मी माझ्या कुत्रीला दाखवलीसुद्धा नसती. गाडीने न्या. रात्री निघा, इंदापूर-भिगवणच्या आसपास थांबून पाय मोकळे करू द्या आणि उजाडता मुंबईत शिरा.

पिंजऱ्याबद्दल विमान कंपनीशी वाद घालू नका, तिथे त्यांचंच खरं असतं. जनावराला आत ताठ उभं राहता, बसता, वळता आणि पसरून झोपता आलं पाहिजे. चारी बाजूंनी हवा, दाराला आतून लावलेली पाण्याची वाटी. पाय लांब असलेल्या कुत्र्याचं इथे अवघड होतं. आपल्याकडे सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूला कारवान कुत्री पाळतात, वजनाला हलकी पण उंचीला अशी की पिंजरा मोठाच लागतो, आणि मालवाहतुकीत भाडं नुसत्या वजनावर नाही, आकारावरही लागतं. छोट्या जनावराला केबिनमध्ये नेता येतं. लुफ्थांसाची मर्यादा पिशवीसकट आठ किलोची आहे. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना बऱ्याच कंपन्या पोटातल्या कप्प्यात घेतच नाहीत, कारण ताणात आणि उकाड्यात त्यांना श्वास पुरत नाही. सोलापुरात घरोघरी पग आहेत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कंपनीला विचारा, नंतर नाही.

पिंजरा दोन महिने आधी घरात आणून ठेवा, दार काढून. जेवण त्यातच द्या. माझी गावठी कुत्री पहिले काही दिवस मान लांब करून ताटली बाहेर ओढायची आणि मगच खायची. पुढे दुपारची झोप तिथेच घ्यायला लागली. आत अंथरायला नवीन गादी आणू नका. घरातला वापरून मऊ झालेला सोलापुरी टॉवेल चार पदरी घाला, खाली शोषून घेणारी शीट. टॉवेलला घराचा वास असतो, पाणी-लघवी चटकन टिपतो, आणि उतरल्यावर टाकून द्यावा लागला तरी जीव हळहळत नाही. झोपेचं औषध अजिबात देऊ नका. हौसेने देणारे भेटतील. उंचीवर श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, आणि गुंगीतलं जनावर विमान कंपनी परतही पाठवते.

कुत्र्याच्या खाण्याची पिशवी सामानात भरू नका. युरोपच्या बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, कुत्र्यासाठीचं मांस घातलेलं कोरडं खाणंही त्यातच आलं. तूप, खवाही नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल आणा, ती तुमच्यासाठी.

फ्रँकफर्टला किंवा म्युनिकला उतरलात की जनावर घेऊन लाल मार्गिकेतून कस्टमकडे जा. हिरव्या मार्गिकेतून निसटायचा विचारही नको. रीडर फिरवतात, क्रमांक आणि तारखा बघतात, बरोबर असेल तर फार वेळ लागत नाही. बरोबर नसेल तर जनावर तुमच्या खर्चाने परत पाठवतात किंवा विलगीकरणात ठेवतात, आणि कायद्यात त्याहून वाईटही लिहिलेलं आहे.

जातीचं आधीच बघा. पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि यांच्या संकरांना राहण्यासाठी म्हणून जर्मनीत आणायला बंदी आहे. रॉटवायलरवर बायर्नसारख्या राज्यात वेगळ्या अटी आहेत. आपल्या गावठी कुत्र्याच्या कार्डावर 'मिश्र' लिहिलेलं असावं. डॉक्टर कौतुकाने एखादं भारदस्त इंग्रजी नाव लिहायला लागले तर हात धरा. आणि घरात आपला देशी पोपट असेल तर तो नेण्याचा विषयच काढू नका. वन्यजीव कायद्याने तो पाळणंच गुन्हा आहे.

ज्यांचा मुक्काम दुसरीकडे आहे त्यांच्यासाठी धावतं सांगते. ब्रिटनमध्ये रक्त आणि तीन महिने असंच आहे, पण जनावर तिथे मालवाहतुकीनेच उतरतं आणि कुत्र्याला पोहोचण्याच्या एक ते पाच दिवस आधी पट्टकृमीचं औषध दिल्याची नोंद लागते. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले: भारतातून येणारं कुत्रं किमान सहा महिन्यांचं, चिप असलेलं हवं, ठरावीक विमानतळांवरच उतरतं, आणि रक्ताचा मान्य रिपोर्ट नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट घेतच नाही. आधी दुसऱ्या मान्य देशात तयारी आणि मग मेलबर्नजवळ मिकलहॅमचं क्वारंटाइन.

घर मिळणं हे जर्मनीतलं कुत्र्याहून अवघड काम. कुत्रं-मांजर सरसकट बंद, असं छापील करारात लिहिलं तर ते टिकत नाही, असं तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं. पण त्याचा अर्थ घरमालक 'नाही' म्हणू शकत नाही असा नाही. अर्जातच कुत्र्याचा उल्लेख करा. लपवून आणलेलं कुत्रं पहिल्याच भुंकण्याला उघडं पडतं. आणि विद्यार्थी म्हणून येणार असाल, दोघा-तिघांत वाटून घेतलेल्या घरात राहणार असाल, तर माझं स्पष्ट मत: आणू नका. दिवसभर व्याख्यानं, संध्याकाळी काम, आणि कुत्रं बारा चौरस मीटरच्या खोलीत. सोलापुरात अंगण आहे, माणसं आहेत. म्हाताऱ्या कुत्र्याचंही तसंच; तेराव्या वर्षी त्याला विमानात घालणं हे बहुतेकदा आपल्या समाधानासाठी असतं.

पत्ता नोंदवल्यावर नगरपालिकेत कुत्र्याचा कर भरायचा. प्रत्येक गावाचा दर वेगळा, दुसऱ्या कुत्र्याला बहुधा जास्त. मांजराला कर नाही. कुत्र्याने कुणाचं नुकसान केलं तर भरपाई देणारा विमा बर्लिन, हँबुर्ग, नीडरझाक्सन अशा राज्यांत सक्तीचा आहे, बाकी ठिकाणीही घ्याच. सायकलवाला कुत्र्याला चुकवताना पडला तर बिल तुमच्या नावे येतं. टासो या पाळीव जनावरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे चिपचा क्रमांक फुकट नोंदवता येतो. रीडरमध्ये दिसलेल्या आकड्यावरून तुमचा फोन सापडतो तो अशाच नोंदणीमुळे.

हिवाळ्यात फुटपाथवर मीठ टाकतात, त्याने पंजे चिरतात. घरी आल्यावर कोमट पाण्याने धुवा.

पहिल्या महिन्यात तिथल्या पशुवैद्यकाकडे जा आणि कुत्रं भारतातून आलं आहे हे सांगून गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांची, विशेषतः एर्लिकियाची, रक्ततपासणी मागून घ्या. आपल्याकडे हा आजार इतका सवयीचा की डॉक्टर ताप बघूनच ओळखतात. जर्मन डॉक्टरांच्या डोक्यात तो पटकन येत नाही, आणि तो कित्येक महिने शरीरात दबा धरून बसू शकतो. त्याच भेटीत युरोपीय पाळीव प्राण्यांचा पासपोर्ट करून घ्या. लसीची पुढची तारीख त्यात लिहिलेली असते. ती फोनमध्ये महिनाभर आधीची लावून ठेवा, म्हणजे डॉक्टरांची वेळ मिळायला उशीर झाला तरी बूस्टर चुकणार नाही.