आधी डिस्चार्ज बुक बघा

गावच्या वाचनालयाला माजी सैनिकाचं नाव द्यायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत उद्घाटनाला कोण, यावरून वाद सुरू होतो. तो मिटवा आणि त्यांच्या घरी जाऊन डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, बघा. व्हॉट्सॲपवरचा फोटो नको, ट्रंकेतलं मूळ पुस्तक बघा.

आमच्याकडून नेमकं हेच राहिलं. आख्खं गाव ज्यांना सुभेदार म्हणायचं, त्यांच्या नावाआधी आम्ही कोनशिलेवर ‘सुभेदार’ कोरलं. कार्यक्रमाला ब्लेझरवर मेडलं लावून आलेले त्यांच्या पलटणीतले एक सोबती त्या अक्षरांवर बोट फिरवत म्हणाले, “ह्यो सुभेदार कवा झाला रं?” पुस्तकात होतं हवालदार, निवृत्तीनंतर ऑनररी नायब सुभेदार. काळ्या ग्रॅनाइटमधलं अक्षर खोडता येत नाही. आता दर 26 जानेवारीला हार जरा लांब घेऊन तेवढा शब्द झाकतो.

इमारत कुणाची, हे नमुना आठच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-मालमत्ता नोंदीच्या, उताऱ्यावर बघा. ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी संख्या लागते, म्हणून माणसं आदल्या रात्रीच सांगून ठेवा. शाळेची खोली जिल्हा परिषदेची निघाली तर नुसत्या गावच्या ठरावावर भागत नाही. कोल्हापूर शहरात असाल तर महापालिकेकडे जा. ठरावातही हुद्दा पुस्तकातलाच घाला, कारण पाटीवाला ठरावावरूनच कोरतो.

आता पलटण. आपल्याकडचा गडी म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच, असं धरून चालू नका. तो तोफखान्यात किंवा सिग्नल्समध्येही असतो. 1971 बद्दल लिहिताना मेडलं बघा. पूर्वी स्टार पूर्व आघाडीचा, पश्चिमी स्टार पश्चिमेचा. नुसतं संग्राम मेडल बघून आघाडीचं नाव कोरू नका. शंका असेल तर पुस्तक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. हो, पुस्तक घेऊनच.

म्हातारपणी घरी वारलेल्या सैनिकाला ‘शहीद’ आणि त्यांच्या पत्नीला ‘वीरपत्नी’ म्हणू नका. निवेदकाला हे लिहून द्या, नाहीतर माइक हातात आला की तो म्हणतोच. घरच्यांची लेखी संमती घ्या, आणि थोरल्या पोराआधी आजींना विचारा.

पाटी कोरायच्या आधी कागदावरचा नमुना डिस्चार्ज बुकाशेजारी ठेवून दोघांनी अक्षर अक्षर वाचा. एकानं नाही, दोघांनी. आमच्याकडे सगळं मी एकट्यानंच वाचलं होतं.

बाकी मंडप, पडदा, फेटे, जेवण हे गावाला शिकवायला नको. तारीख आचारसंहितेत सापडत नाही ना, बघा. आजींची खुर्ची पहिल्या रांगेत. भाषणं तीनच.