एमबीबीएस सेकंड इयरचं पॅथो, मायक्रो, फार्मा एकत्र कसं वाचायचं: टीबी घेऊन करून दाखवतो

फर्स्ट इयरची अ‍ॅनाटॉमी-फिजिओ-बायोकेम आटोपली की सगळ्यांना वाटतं चला आता खरी डॉक्टरकी सुरू, आणि मग सेकंडला पॅथॉलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं), मायक्रो (जंतू), फार्मा (औषधं) असे तीन ठोकळे टेबलावर येऊन पडतात आणि प्रत्येक डिपार्टमेंट आपापली गाडी हाकत असतं. पॅथोवाले नेक्रोसिस (पेशी मरणं) शिकवतायत, मायक्रोत ऑटोक्लेव्हचं तापमान चाललंय, फार्मात हाफ लाइफ. सकाळी वॉर्डात पोस्टिंग असतं पण तिथे आपल्याला कोण काय करू देतंय, हिस्ट्री घ्या आणि राउंडच्या मागे उभे रहा. २०१९ च्या नवीन अभ्यासक्रमात इंटिग्रेशन (विषय जोडून शिकवणं) म्हणून प्रकार आणलाय खरा, पण ते लेक्चर ऐकून डोक्यात आपोआप काही जुळत नाही, जुळवायचं काम रूमवर बसून आपल्यालाच करावं लागतं.

तर ते कसं करायचं ते सांगतो. एकच गोष्ट धरून चाला: परीक्षा विषयाची असली तरी वाचायचं आजार धरून. सगळे आजार असे वाचत बसलात तर प्रिलिमला बोंब होईल, त्यामुळे आठ-दहाच निवडायचे. टीबी, मलेरिया, टायफॉइड, रुमॅटिक फीव्हर, हार्ट अटॅक, डायबेटिस, अस्थमा, आयर्न डेफिशियन्सी अ‍ॅनिमिया, एवढ्यात तीनही विषयांचा बराचसा भाग येऊन जातो.

पण त्याआधी जनरल भाग करावाच लागतो, त्याला शॉर्टकट नाही. पॅथोत सेल इंज्युरी, इन्फ्लेमेशन, निओप्लाझिया (गाठी, कॅन्सर). मायक्रोत इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्ती), जी सगळे शेवटी ठेवतात आणि मग रडतात, ती आधी घ्या. फार्मात जनरल आणि लगेच ऑटोनॉमिक (आपोआप चालणाऱ्या नसांवरची औषधं). बाकी सिस्टीम कुठल्याही क्रमाने करा.

आता टीबी. एक मोठा कागद आडवा घ्या, ए-थ्री असेल तर उत्तम, पॅथो, मायक्रो, फार्मा असे तीन रकाने पाडा आणि गोष्ट सुरुवातीपासून लिहीत जा. पेशंट खोकला, थेंबातून बॅसिलस (टीबीचा जंतू) दुसऱ्याच्या अल्व्हिओलसमध्ये (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशवीत) गेला, मॅक्रोफेज या जंतू खाणाऱ्या पेशीने गिळला. इथेच थांबून विचारायचं की गिळला तर मेला का नाही? कारण तो फॅगोसोम (गिळलेल्या जंतूची पिशवी) आणि लायसोसोमची (पचवणाऱ्या रसाची पिशवी) गाठच पडू देत नाही आणि आतच वाढत बसतो. साधारण तीन आठवड्यांनी टी सेल (प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी) जागे होतात, इंटरफेरॉन गॅमा हा रासायनिक निरोप सोडतात, मॅक्रोफेज चिडून एपिथेलिऑइड होतात, काही एकत्र येऊन लँगहान्स जायंट सेल बनतात, मध्ये केसिएशन (चीजसारखा मेलेला भाग), झाला ग्रॅन्युलोमा, म्हणजे जंतूला वेढणारी पेशींची गाठ. म्हणजे पॅथोची जी आकृती तुम्ही पेन्सिलने जर्नलात काढता ती मुळात इम्युनॉलॉजीचा धडा आहे. आणि म्हणूनच एचआयव्ही पेशंटचा सीडी-फोर (टी सेलचा एक प्रकार) फार खाली गेला की ग्रॅन्युलोमा धड बनत नाही, कॅव्हिटी (फुफ्फुसातली पोकळी) होत नाही, आणि थुंकीत बॅसिलस कमी सापडतात म्हणून स्मिअर (थुंकीची स्लाइड) निगेटिव्ह येऊ शकतो. हे एक वाक्य व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बोललात की एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) मान वर करून बघतात.

आता दुसरा रकाना, मायक्रो. टीबीचा जंतू रंगवून दाखवणारा झील-नील्सन स्टेन सगळे पाठ करतात: कार्बोल फुक्सिन, खालून उष्णता द्यायची पण उकळू द्यायचं नाही, फक्त वाफ दिसली पाहिजे, मग २० टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड, मग मिथिलीन ब्ल्यू. अ‍ॅसिड टाकूनही लाल रंग का सुटत नाही? बॅसिलसच्या भिंतीतल्या मायकोलिक अ‍ॅसिडमुळे. बरं, आता फार्माच्या रकान्यात जा, आयसोनियाझिड काय करतं? मायकोलिक अ‍ॅसिड बनूच देत नाही. इथे दोन रकान्यांमध्ये जाड बाण काढा. दुसरा बाण: रिफाम्पिसिन बॅसिलसच्या आरएनए पॉलिमरेजला धरतं, त्या एन्झाइमचा बीटा भाग ज्या जीनवरून बनतो तो आरपीओ-बी, आणि सीबीनॅट (टीबीच्या डीएनएची तपासणी) मशीन रेझिस्टन्स शोधताना नेमका त्याच आरपीओ-बीतला बदल बघतं. म्हणून तर सीबीनॅटचा रिपोर्ट दोनेक तासांत फक्त रिफाम्पिसिनबद्दल बोलतो, बाकीच्या औषधांबद्दल नाही. एल-जे मीडियावर (जंतू वाढवायच्या माध्यमावर) कल्चरला सहा-आठ आठवडे का लागतात? बॅसिलस एकदा दुभंगायलाच १५ ते २० तास घेतो. आणि हेच उत्तर ट्रीटमेंट एवढी लांब का याचंही एक कारण आहे, झोपलेले बॅसिलस औषधाला दाद देत नाहीत.

चार औषधं का, एक का नाही? कारण दर दहा लाखांत साधारण एखादा बॅसिलस आधीपासूनच आयसोनियाझिडला न जुमानणारा असतो आणि कॅव्हिटीत बॅसिलस कोटींच्या घरात असतात, एकच गोळी दिली तर बाकी मरतात आणि हे पठ्ठे उरून वाढतात. म्हणून पहिले दोन महिने एच-आर-झेड-ई (आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल), पुढचे चार महिने एच-आर-ई, रोज, वजनाप्रमाणे. पायराझिनामाइड फक्त सुरुवातीलाच का, तर ते आम्ल वातावरणात काम करतं आणि तसं वातावरण सुरुवातीच्या धगधगत्या इन्फ्लेमेशनमध्येच भरपूर असतं. साइड इफेक्ट एकेका ओळीत: आयसोनियाझिडने हातापायाला मुंग्या म्हणून सोबत पायरिडॉक्सिन (बी-सिक्स), रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी (पेशंटला आधी सांगितलं नाही तर तो रक्त समजून घाबरतो आणि गोळ्या बंद करतो), पायराझिनामाइडने युरिक अ‍ॅसिड वर, इथॅम्ब्युटॉलने लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होणं, आणि लिव्हरला त्रास पहिल्या तिघांचा. शिवाय रिफाम्पिसिन लिव्हरची एन्झाइम वाढवतं म्हणून गर्भनिरोधक गोळी फेल जाऊ शकते, हे शॉर्ट नोट म्हणून येतंच येतं.

एक अवांतर. आनंदीबाई जोशी १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने बॅसिलस दाखवला होता १८८२ ला, म्हणजे जंतू माहीत होता, फुफ्फुसात काय होतं तेही माहीत होतं, पण तिसरा, औषधांचा रकाना कोराच होता, टीबीवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ उजाडलं. मला हे कागद बनवताना हटकून आठवतं.

फार्माबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तिथेच सगळ्यात जास्त रट्टा मारला जातो. औषधांची यादी पाठ करू नका, प्रत्येक ग्रुपचं एक औषध पूर्ण करा आणि बाकीच्यांचा फक्त फरक लिहा. बीटा ब्लॉकर म्हणजे प्रोप्रॅनोलॉल नीट आलं की अ‍ॅटेनोलॉलबद्दल दोन ओळी पुरतात. आणि ऑटोनॉमिक करताना रिसेप्टरचा (पेशीवर औषध बसतं त्या जागेचा) तक्ता नुसता बघत बसू नका, डोळ्यासमोर पेशंट आणा. कोकणात विंचू चावलेला पेशंट घ्या, लाल विंचू. विषामुळे नसांचे सोडियम चॅनल उघडेच राहतात, सगळी ऑटोनॉमिक सिस्टीम भडकते, सुरुवातीला घाम, उलट्या, लाळ, आणि मग कॅटेकोलामाइनचा (अड्रेनलिनसारख्या रसायनांचा) पूर: हातपाय बर्फासारखे गार, बीपी वर, हार्टवर ताण, फुफ्फुसात पाणी. आता तुमचा तक्ता उघडा. हातपाय गार आणि बीपी वर म्हणजे कुठला रिसेप्टर? अल्फा वन. मग कोणता ब्लॉकर? प्राझोसिन. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हेच वापरून दाखवलं, बीपीसाठी असलेली साधी स्वस्त गोळी, आणि ते काम लॅन्सेट या मेडिकल जर्नलपर्यंत गेलं. इथे बीटा ब्लॉकर का नको? कारण बीटा बंद केलात तर अल्फाला मोकळं रान, आणि आधीच दमलेल्या हार्टचा जोरही काढून घेतलात. हे स्वतः एकदा कागदावर मांडलं की तो तक्ता पुन्हा पाठ करावा लागत नाही.

मग लगेच त्याच्याशेजारी फवारणीच्या औषधाची विषबाधा लिहा, विदर्भात-मराठवाड्यात पोस्टिंग असेल तर कॅज्युअल्टीत दिसेलच. ऑरगॅनोफॉस्फरस अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेजला अडकवून ठेवतं, अ‍ॅसिटिलकोलिन साचतं: डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, लाळ, फेस, पल्स मंद, छातीत घरघर. अ‍ॅट्रोपिन द्यायचं ते छाती कोरडी होईपर्यंत, बाहुली मोठी झाली म्हणून थांबायचं नाही. आणि अ‍ॅट्रोपिनने स्नायूंची ताकद परत येत नाही कारण तिथे मस्करिनिक नाही, निकोटिनिक रिसेप्टर आहेत, त्यासाठी प्रॅलिडॉक्सिम हे औषध. दोन पेशंटमध्ये ऑटोनॉमिक जवळपास संपलं.

प्रॅक्टिकलला येतो. हिस्टोपॅथची (आजारी अवयवाच्या पातळ कापाची) स्लाइड हातात आली की सगळे थेट मायक्रोस्कोपच्या ४० एक्सला जातात आणि गुलाबी-जांभळा समुद्र बघत बसतात. आधी स्लाइड उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा, मग ४ एक्सला अवयव कोणता ते ठरवा, १० एक्सला बिघाड कुठे आहे ते शोधा, आणि मगच ४०. अवयव ओळखता आला नाही तर पुढचं निदान लिहिण्यात अर्थ नाही, सर मार्क देत नाहीत. त्यासाठी फर्स्ट इयरची हिस्टोलॉजी परत काढावी लागते, लाज बाळगू नका, सगळेच काढतात.

ब्लड स्मिअरचं पण तसंच, हाताची सवय आहे. थेंब टाचणीच्या डोक्याएवढाच घ्या, मोठा घेतला की स्मिअर जाड होतो. स्प्रेडर ३०-४५ अंशात धरा, थेंबाला टेकवा, रक्त कडेने पसरू द्या आणि एका दमात, दाब न देता पुढे न्या. जिभेसारखा आकार आणि शेवटी पिसासारखी कड आली पाहिजे. लेशमन स्टेन टाकून दोन मिनिटं, मग दुप्पट बफर वॉटर टाकून सात-दहा मिनिटं, फुंकून मिसळायचं, आणि धुताना स्टेन आधी ओतून न टाकता वरून पाणी सोडायचं नाहीतर गाळ बसतो. बघायचं शेपटीच्या जरा अलीकडे, जिथे आरबीसी (लाल पेशी) एकमेकांना जेमतेम टेकतात तिथे.

जारमधले स्पेसिमेन मात्र पुस्तकातल्या फोटोंवरून करू नका, म्युझियममध्ये जाऊन बसा, दुपारी तिथे कोणी नसतं.

व्हायव्हाला एकच सवय लावून घ्या, उत्तराला व्याख्येपासून सुरुवात. "सर, ग्रॅन्युलोमा म्हणजे..." असं सुरू केलं की विचार करायला दहा सेकंद मिळतात आणि समोरच्याला वाटतं पोरगं वाचून आलंय.

टीबीचा कागद जमला की दुसरा मलेरियाचा करा, तो सोपा जातो. मलेरियाचा व्हायवॅक्स हा जंतू लिव्हरमध्ये हिप्नोझॉइट (झोपलेले जंतू) ठेवून जातो, क्लोरोक्विन रक्तातले मारतं, लिव्हरमधल्यांना हात लावत नाही, म्हणून प्रायमाक्विन १४ दिवस, आणि ते देण्याआधी जी-सिक्स-पीडी (आरबीसीला वाचवणारं एन्झाइम) बघायचं कारण ते कमी असेल तर आरबीसी फुटतात. फर्स्ट इयरच्या बायोकेममधला एचएमपी शंट (ग्लुकोजची ती वाट, ज्यात हे एन्झाइम असतं) इथे लागतो, ती वही रद्दीत दिली असेल तर रूममेटची मागा. फाल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या जंतूसाठी त्याच कागदावर खाली जागा सोडा, मेंदूच्या केशवाहिन्यांत आरबीसी का अडकतात ते पॅथोच्या रकान्यात जातं आणि त्याला अर्धं पान सहज लागतं.