लेखकाचं कपाट: उतारवयात लिखाण, हक्क आणि कागद कसे लावून ठेवावेत

लेखक गेल्यावर घरच्यांच्या हाती दोन-तीन कपाटं, एक जुना संगणक आणि अर्धवट कळणारे करार येतात. कुठली कथा आधी कुठे छापून आली, कोणत्या पुस्तकाचे हक्क कोणाकडे आहेत, चार खर्ड्यांपैकी शेवटचा कोणता, हे एकाच माणसाला ठाऊक असतं. म्हणून हे काम डोळे आणि आठवण साथ देत असतानाच हाती घ्यावं. रोज तासभर पुरे. त्याहून जास्त बसलं की जुनी पत्रं वाचण्यात दिवस जातो आणि काम तिथेच राहतं.

कपाट आवरायला लगेच घेऊ नका. आधी नोंदवही करा, कारण कागद हलवले की ते कशासोबत ठेवले होते ही माहितीही जाते. छापून आलेल्या प्रत्येक मजकुराला एक ओळ द्यायची: शीर्षक, प्रकार, प्रथम प्रसिद्धी (अंकाचं नाव, महिना किंवा दिवाळी, वर्ष, पान), पुढे कोणत्या संग्रहात घेतला, तेव्हा काय बदललं, हक्क कोणाकडे, प्रत कुठल्या खोक्यात. मासिकातलं शीर्षक संग्रहात बदललं असेल तर दोन्ही लिहा; टोपणनावाने लिहिलं असेल तर तेही. अभ्यासक अडतो तो याच दोन जागी. ‘बहुधा १९८४’ अशी शंका असेल तर शंकेसकट लिहा, आठवणीवर खात्रीचा शिक्का मारू नका.

अंक हाताशी नसेल तर जुन्या ग्रंथालयांत शोधा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. अशा ठिकाणी जाताना नाव-वर्षाची यादी घेऊन जावं. पुस्तकासाठी आणखी एक वाट आहे. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय यांच्यासह ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. सगळे पाठवत नाहीत, पण चौकशी करावीच.

आता हक्क. इथे घाई नको. पुस्तकागणिक एक पाकीट करा आणि त्यात करार, प्रकाशकाची पत्रं, मानधनाचे हिशेब ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षं हक्क टिकतो. म्हणजे ही मालमत्ता नातवंडांपर्यंत जाणारी आहे. लेखी आणि सही केलेल्या दस्ताशिवाय हक्क दुसऱ्याच्या नावे होत नाही. ‘छापा तुम्ही’ या तोंडी शब्दाने फार तर छापण्याची परवानगी मिळते, मालकी नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो हक्क प्रकाशकाच्या हातून सुटतो. मात्र हे नियम १९९४च्या दुरुस्तीने आले आणि त्याआधीच्या करारांना लागू नाहीत. म्हणून पाकिटावर कराराची तारीख ठळक लिहा आणि जुने करार वकिलाला दाखवा.

जुन्या करारात ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांचा उल्लेख सहसा नसतो. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत हेही आलं असं प्रकाशक म्हणतो आणि लेखक गप्प बसतो. गप्प बसू नका. यातला कोणता हक्क कोणाकडे, हे एका पानाच्या पुरवणी पत्रात लिहून दोघांच्या सह्या घ्या. पुस्तक बाजारात नसेल तर आधी लेखी विचारणा करा: शिल्लक प्रती किती, पुढची आवृत्ती काढणार का, नसेल तर हक्क परत द्यावेत. उत्तरासाठी मुदत घाला. पत्राची पोच जपा.

अंकांत छापलेल्या लेखनाबद्दल लोक विनाकारण घाबरतात. नोकरीत नसलेल्या लेखकाने दिवाळी अंकाला कथा दिली आणि हक्क लिहून दिला नाही, तर हक्क लेखकाचाच. नियतकालिकात पगारावर असताना लिहिलेल्या मजकुरावर मालकाचा हक्क असतो, पण तो नियतकालिकात छापण्यापुरता. वेगळा करार नसेल तर पुस्तकाचा हक्क लेखकाकडे राहतो. पत्रांचं उलट आहे. आपल्याला आलेलं पत्र कागद म्हणून आपलं, मजकूर लिहिणाऱ्याचा. ते ग्रंथालयाला देता येतं, छापायला परवानगी लागते.

यानंतर ‘दुरुस्त प्रत’. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत बाजूला काढून मुद्रणाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करा आणि पहिल्या पानावर तारीख-सही घाला: पुढची आवृत्ती या प्रतीवरून काढावी. चूक सुधारणं आणि पुस्तक पुन्हा लिहिणं यांत मोठं अंतर आहे. पंचविशीत लिहिलेली कादंबरी पंचाहत्तरीत गुळगुळीत करू नये. तिचा आवेश त्या वयाचा आणि त्या काळाचा असतो. मत बदललं असेल तर तारखेसह नवी प्रस्तावना लिहा, आतला मजकूर राहू द्या. शुद्धलेखनाबाबत मात्र काय हवं ते स्पष्ट लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक मुद्रितशोधक आपापल्या मताने संवादांतली बोलीही ‘शुद्ध’ करून टाकतो.

संगणकावरच्या फाइलींत मराठीपुरता एक धोका आहे. युनिकोड म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी अक्षरं सारखीच ओळखली जावीत अशी प्रमाण पद्धत. तिच्याआधीच्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर नुसता रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. अशा फाइली परिवर्तकातून (फॉन्ट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून) युनिकोडमध्ये आणा, पण मूळ फाइल पुसू नका आणि फॉन्टही सोबत साठवा. परिवर्तनानंतर ओळ न् ओळ वाचावी लागते. रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. ‘आचाऱ्याला बोलावलं’चं ‘आचार्याला बोलावलं’ झालं तर तपासणीच्या प्रोग्रॅमला ते खटकणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. फक्त स्वयंपाक्याच्या जागी पंडित येतो.

हस्तलिखितांसाठी खर्च कमी, शिस्त जास्त लागते. टाचण्या, स्टेपल, जेम क्लिपा काढा; त्या गंजून कागद खातात. रबर वितळून चिकटतं. चिकटपट्टीचा पिवळा डाग निघत नाही, आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका. वर्तमानपत्राची कात्रणं आम्लामुळे तपकिरी पडून तुटतात आणि लागून असलेल्या पानावर डाग पाडतात. त्यांची चांगल्या कागदावर छायाप्रत घ्या आणि मूळ वेगळं ठेवा. पानांना मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात क्रमांक द्या. खोकी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून नकोत. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेल्या वह्यांना आतल्या आत बुरशी येते, तेव्हा सुती कापड किंवा पुठ्ठ्याचं खोकं बरं. स्कॅन ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० ठिपके) करा, पुसट पेन्सिल असेल तर ६००वर. फाइलच्या नावात वर्ष आधी घाला. तीन प्रती असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

मृत्युपत्रात साहित्याचा वेगळा परिच्छेद हवा. हक्क कोणाला, मानधन कोणाला, निर्णय कोणी घ्यायचे, या तिन्हींची नावं वेगळी असू शकतात. हक्क पाच वारसांत वाटला की प्रत्येक आवृत्तीला पाच सह्या लागतात आणि पुस्तक अडकतं. उत्पन्न वाटा, निर्णय एकाकडे द्या, आणि तो माणूस वाचणारा असावा. अप्रकाशित हस्तलिखित कोणाला दिलं आणि मृत्युपत्रात वेगळा हेतू दिसला नाही, तर त्याचा कॉपीराइटही त्याच व्यक्तीकडे जातो. म्हणून ‘वह्या भाचीला, हक्क मुलाला’ असं मनात असेल तर तसं लिहावंच लागेल. दोन साक्षीदार हवेत आणि ते लाभार्थी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ईमेलसाठी गूगलच्या ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये विश्वासाचा माणूस नेमता येतो, खातं किती काळ वापरलं नाही की त्याला कळवायचं, ती ३ ते १८ महिन्यांची मुदत आपण ठरवायची.

जे कोणी वाचू नये असं वाटतं ते स्वतःच्या हाताने आता नष्ट करा. ‘माझ्यामागे जाळा’ हे ओझं दुसऱ्यावर टाकू नये. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या काफ्काने आपला मित्र मॅक्स ब्रॉड याला तेच सांगितलं होतं आणि ब्रॉडने ऐकलं नाही. रोजनिशीत हयात माणसांबद्दल लिहिलेलं असेल तर ती जाळण्याऐवजी मोहरबंद करून ग्रंथालयाला द्यायचा पर्याय आहे. आधी ग्रंथालयाला यादी पाठवा, जागा आणि देखभाल यांबद्दल लेखी विचारा. न विचारता पोचवलेली खोकी वर्षानुवर्षं उघडलीही जात नाहीत. कोणत्या वर्षापर्यंत पाकीट उघडू नये, त्याआधी कोणाच्या परवानगीने उघडता येईल आणि छापायचा हक्क कोणाकडे राहील, या तीन गोष्टी दानपत्रात घाला आणि दानपत्राची एक प्रत नोंदवहीला जोडा.