जळगावहून जर्मनी, तिथून आल्प्स: मोटारप्रवासाची तयारी

विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून जर्मनीला जाणाऱ्या खानदेशातील विद्यार्थ्यांनी, वर्गमित्रांसोबत मोटारीने आल्प्स गाठण्याचा बेत असल्यास, निघण्यापूर्वीच जळगाव किंवा धुळ्याच्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा आणि मूळ परवानाही जवळ ठेवावा. भाड्याच्या मोटारीला २५ वर्षांखालील चालकासाठी बहुधा जादा आकार पडतो. ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी लागणारे ‘व्हिन्येट’ हे पथकराचे तिकीट सीमा ओलांडण्यापूर्वीच घ्यावे. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवताना खरी चूक वळणावर होते. मोकळ्या चौकात हात आपसूक डाव्या बाजूकडे वळतात, म्हणून शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणाला ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणावे. शिदोरीत शेंगदाण्याची कोरडी चटणी चालते. तूप मात्र भारतातून तिकडे नेता येत नाही, तेव्हा बट्टी घरीच पोटभर खाऊन घ्यावी.