गॅमा नाइफ झाली, पण तोल काही जागेवर येईना

अकूस्टिक न्यूरोमासाठी, म्हणजे ऐकण्या-तोलाच्या नसेवरच्या साध्या (कॅन्सर नसलेल्या) गाठीसाठी, गॅमा नाइफचं रेडिएशन घेतलेल्या माणसाला घरी सोडताना बहुतेक ठिकाणी एवढंच सांगतात, ‘सहा महिन्यांनी एमआरआय करून या.’ मधल्या काळात काय काय होऊ शकतं, ते बसून समजावायला कुणाला वेळ नसतो. डोकं स्थिर धरणाऱ्या फ्रेमचे स्क्रू जिथे बसवले होते तिथे मुंग्या, काही दिवस डोकेदुखी, थकवा, एवढ्यावर जीव जाळू नका. ते जातं. खरी कसोटी साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत असते.

या काळात बऱ्याच जणांची गाठ आक्रसायच्या आधी फुगते. गाठीच्या कडेला सहसा 12 ते 13 ग्रे (रेडिएशनचं माप) डोस दिलेला असतो. त्याने आतल्या पेशी मरतात, सूज येते आणि शेजारच्या नसांवर दाब वाढतो. रिपोर्टात ‘आकार वाढला’ असं छापून येतं आणि घरात सुतकी कळा पसरते. त्या एका ओळीवर ऑपरेशनची तारीख घेऊ नका. कॉन्ट्रास्ट, म्हणजे एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते औषध, दिल्यावर गाठीचा मधला भाग काळपट दिसतोय का, हे विचारा. तो बऱ्याचदा उपचार लागू पडल्याचा माग असतो. तुलना उपचाराच्या दिवशीच्या स्कॅनशी व्हायला हवी, म्हणून फिल्मवर भागवू नका, सीडी मागून घ्या. फुगलेली गाठ खाली बसायला दोन-तीन वर्षंही लागतात.

आता चक्करेच्या गोळ्या. इथेच माणसं फसतात.

तोल सांभाळणारी एका बाजूची नस कमजोर झाली की मेंदू दुसरी बाजू, डोळे आणि पायांचे तळवे यांच्या भरवशावर नवा हिशेब बसवतो. त्यासाठी त्याला चूक कळावी लागते. डोकं वळलं, नजर घसरली, भोवंडलं, हीच ती चूक. स्टेमेटिल, स्टुजेरॉन यांसारख्या गोळ्या नेमकी ती खबर दाबतात. उलट्या थांबत नसतील तेव्हा दोन-तीन दिवस त्यांचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण चिठ्ठीवर ‘पाच दिवस’ लिहिलेलं असतं आणि मेडिकलवाला तीच पट्टी महिनोन् महिने देत राहतो. बरं वाटतं, पण मेंदू काही शिकत नाही. गोळी चुकली की भोवळ उसळते, माणूस म्हणतो ‘गाठ वाढली’, आणि पुन्हा गोळी सुरू.

याच्याही पुढे, विशेषतः साठीच्या वरच्यांना, या दोन्ही गोळ्यांनी हात थरथरणं, चाल मंदावणं, अंग ताठरणं होऊ शकतं. दिसायला पार्किन्सनच. मग त्याचं खापर रेडिएशनवर फुटतं आणि नवी औषधं चढतात. तेव्हा पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव वाचा, प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन, कारण ब्रँड बदलला तरी आत माल तोच असतो. व्हर्टिन म्हणजे बीटाहिस्टिन हे वेगळं औषध आहे, इतकं सुस्त करत नाही. पण या दुखण्यात त्यावर फार विसंबण्यात अर्थ नाही. महिनोन् महिने घेतलेली गोळी स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून उतरवून घ्या. गोळी लिहिणारे पुष्कळ भेटतात. बंद करायला सांगणारा भेटला तर त्याला सोडू नका.

गोळीच्या जागी व्यायाम हवा. यूट्यूबवरचा एप्लीचा झटका नव्हे, तो कानातले खडे सरकल्यावरचा उपाय आहे. कार्डावर ठळक ‘क’ लिहा आणि हातभर अंतरावर भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. नजर अक्षरावर ठेवून डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा, एक मिनिट. मग वर-खाली, एक मिनिट. अक्षर पुसट झालं की वेग कमी करा. आधी बसून, जमलं की पाय जोडून उभं राहून, त्यानंतर घडी घातलेल्या गोधडीवर. पाठीशी भिंतीचा कोपरा आणि पुढ्यात खुर्ची हवीच. दिवसातून तीनदा, सगळं मिळून वीसेक मिनिटं, निदान सहा आठवडे. करताना गरगरायलाच हवं, पण ते पंधरा-वीस मिनिटांत निवलं पाहिजे. तासन् तास राहत असेल तर वेग आणि वेळ दोन्ही निम्मे करा. मानेचा त्रास असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. पहिले काही दिवस आणखी वाईट वाटेल, तिथेच बहुतेक जण सोडतात. सोडू नका.

अंधारात तोल जास्त जातो, म्हणून संडासच्या वाटेवर रात्रीचा दिवा ठेवा. नदी-विहिरीत पोहायला एकट्याने उतरू नका, पाण्याखाली वर-खाली कळेनासं होतं.

कान हळूहळू, वर्षानुवर्षं उतरत जाऊ शकतो. एका कानावर आलात की हॉर्न कुठून वाजला तेच कळत नाही. रस्ता आणि रूळ मान वळवून, बघूनच ओलांडा. ऐकू येणं एका-दोन दिवसांत अचानक घटलं तर मात्र लगेच ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करा, कारण स्टेरॉइड द्यायचं ठरलं तर ते पहिल्या दिवसांतच उपयोगी पडतं. कानातल्या आवाजासाठी विकली जाणारी जिंकगोची कॅप्सूल म्हणजे पैसे पाण्यात. रात्री पंख्याचा आवाज असू द्या, तेवढ्यानेही झोप लागते.

गाल बधिर झाला असेल तर डोळ्याकडे लक्ष द्या. बुबुळाची संवेदना गेली की कचरा टोचत नाही. न दुखता लाल झालेला डोळा त्याच दिवशी दाखवा.

सुजेसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं असेल तर ते सकाळी, खाऊन घ्या. साखर तपासत राहा. आठवडे चाललेला डोस एकदम बंद करू नका आणि जुन्या चिठ्ठीवर परत सुरूही करू नका. सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा न राहणं, विसराळूपणा, यातली लक्षणं एकत्र दिसू लागली तर मेंदूत पाणी साठत असू शकतं. तेव्हा पुढच्या एमआरआयची वाट पाहायची नाही, सीडी आणि चालू औषधांची यादी घेऊन थेट न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठायची.