बांद्याहून गोव्यात खेपा मारायच्या तर: दुसऱ्यांची कामं आणून देण्याचा धंदा कसा करावा

आमच्या सिंधुदुर्गातल्या बांदा-सावंतवाडी पट्ट्यात निम्मी पोरं सकाळी गोव्यात कामाला जातात आणि रात्री घरी येतात, त्यामुळे गोव्याला निघालेल्या माणसाच्या खिशात कोणाची ना कोणाची चिठ्ठी असतेच. "म्हापशाक जातस मा, मगे माझे गोळये हाड" (हाड म्हणजे आण) असं म्हणत सुरू होतं, मग चष्मा, मग मिक्सरचं भांडं, मग बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातून रिपोर्ट. मी पण असाच फुकट आणून द्यायचो. नंतर लक्षात आलं की महिन्याचं पेट्रोल आपलंच जळतंय आणि रविवार पण आपलाच जातोय, मग पैसे घ्यायला लागलो. ज्यांना हे काम नीट करायचंय त्यांच्यासाठी लिहितोय, दोडामार्ग किंवा सातार्ड्याकडून जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी रूट ठरवा आणि एकच ठरवा. माझा बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळ, म्हापसा, आणि आठवड्यातून दोनदा पुढे पर्वरी, पणजी, बांबोळी. दोडामार्गवाल्यांना अस्नोड्याकडून म्हापसा जवळ पडतं. नवीन पोरं काय करतात, कोणी मडगावचं काम दिलं की हो म्हणतात, कोणी डिचोलीचं दिलं की त्यालाही हो, आणि दिवसभर फिरून संध्याकाळी हातात पेट्रोल वजा जाता शंभर रुपये उरतात. रूटच्या बाहेरचं काम असेल तर वेगळे पैसे सांगा, नाही परवडलं तर समोरचा स्वतःच नको म्हणतो.

सुरुवात बाईकने करू नका असं माझं मत आहे, बसने करा. एसटी आणि गोव्याची सरकारी बस कदंबा दोन्ही आहेत, महिनाभर बसने फिरलं की कुठलं दुकान कुठे, कुठे किती वेळ जातो हे कळतं आणि तोटा झाला तर तिकिटापुरता. बाईक काढलीत तर लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं डिजीलॉकरला टाकून ठेवा, हेल्मेट घाला, कारण एमएच नंबर बघून हात दाखवला तर वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणं स्वस्त पडतं. आणि माणूस बसवून भाडं घेऊ नका. गोव्यात पायलट लोकांची, म्हणजे बाईक-टॅक्सीवाल्यांची, पिवळ्या नंबरप्लेटची परवाना असलेली बाईक असते, त्यांच्या पोटावर पाय द्यायला गेलात तर पोलिसांच्या आधी तेच तुम्हाला अडवतील आणि त्यांचं बरोबर आहे. तुमचा व्याप वाढून रोज मोठ्ठाले खोके न्यायची वेळ आली तर खासगी गाडीच्या पांढऱ्या प्लेटवर भाड्याचा माल ओढत बसू नका, परवान्याची गाडी घ्या.

आता वेळ. गोव्यात दुपारी एकच्या सुमारास बरीच दुकानं शटर ओढतात ती तीन-चारला उघडतात, हे आपल्याकडच्या माणसाला पहिले चार दिवस पचत नाही. म्हणून दुकानाची कामं सकाळी, हॉस्पिटलची त्याच्याही आधी. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणजे गर्दी, पण गावठी सामान हवं असेल तर तोच दिवस, मिरची, सुकी मासळी, मातीची भांडी सगळं तेव्हाच मिळतं, त्यामुळे बाजाराच्या ऑर्डरी शुक्रवारी आणि बाकीच्या इतर दिवशी असं मी वाटून टाकलंय. सुट्ट्यांचं कॅलेंडर गोव्याचं वेगळं ठेवा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चची जत्रा), १९ डिसेंबरला मुक्तिदिन, आपल्याकडे ऑफिसं चालू आणि तिकडे बंद. १ मेला तुम्ही घरी बसाल तेव्हा तिकडे काय चालू काय बंद हे आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

काम घेताना तीन गोष्टी लिहून घ्यायच्या, कोणाचं, काय, कुठून. "नेहमीचं औषध" असं कोणी म्हणालं तर घेऊ नका, रॅपरचा फोटो मागा. एकदा मी एका आजींच्या प्रेशरच्या गोळ्या ५ च्या ऐवजी २.५ च्या आणल्या, नाव तेच, पाकिटाचा रंग तोच, चूक पूर्णपणे माझी. दुसऱ्या दिवशी परत फेरी, पदरचे पैसे. तेव्हापासून दुकानदाराने गोळ्या काउंटरवर ठेवल्या की फोटो काढतो, पाठवतो, पलीकडून "हो" आलं की मगच पैसे देतो. दोन मिनिटं जातात, दुकानदार वैतागतो, वैतागू दे. डॉक्टरची चिठ्ठी लागणारं औषध असेल तर चिठ्ठी खरी आणि ताजी हवी, झेरॉक्सची झेरॉक्स घेऊन झोपेच्या गोळ्या आणायला कोणी पाठवलं तर सरळ नाही म्हणा.

इन्सुलिनचं जरा सविस्तर सांगतो कारण हे काम खूप येतं आणि बरेचजण ते बर्फात गाडून आणतात. इन्सुलिन थंड हवं, २ ते ८ डिग्री, पण गोठलं की वाया, मग ते दिसायला कितीही चांगलं दिसो. बर्फाचा थेट स्पर्श नको. मी रुंद तोंडाचा थर्मास घेतो, तळाला बर्फाची पिशवी, त्यावर टॉवेलची घडी, त्यावर सुक्या प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन. डिकीत नाही ठेवायचं, मे महिन्यात डिकी म्हणजे तापलेला तवा. पाठीवरच्या बॅगेत. आणि ते सगळ्यात शेवटी घ्यायचं, म्हणजे घेतलं की सरळ घर.

बांबोळीचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं काम. आमच्या जिल्ह्यातले पेशंट वर्षानुवर्षं तिथेच जातात, २०१८ पासून बाहेरच्या राज्यातल्यांना तिथे पैसे भरावे लागतात, त्यावरून दोडामार्गला मोठं आंदोलन पण झालं होतं. त्यामुळे कोणी तुम्हाला म्हणेल की अमक्याच्या गोव्याच्या कार्डावर केसपेपर काढ, तर काढू नका, उद्या ऑपरेशनच्या वेळी नाव जुळलं नाही की पेशंटचेच हाल. रिपोर्ट आणायचा तर पेशंटच्या सहीचं साधं पत्र, त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि तुमचं ओळखपत्र एवढं जवळ ठेवा. झेरॉक्सवर आडवं लिहा, "फक्त रिपोर्ट घेण्यासाठी" आणि तारीख. रिपोर्ट हातात आला की खिडकीवरच नाव, वय, गाव वाचा. आमच्याकडे एकाच आडनावाचे, एकाच नावाचे चार चार निघतात, बाहेर येऊन वाचाल तर परत लाईनीत. पावसाळ्यात कागद दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीत नाही, एक हमखास फाटते. ऍडमिट पेशंटचा डबा न्यायचा असेल तर डब्यावर मार्करने नाव आणि वॉर्ड नंबर लिहायला घरच्यांना सांगा, फोनवर सांगितलेला वॉर्ड निम्म्या वेळा बदललेला असतो.

आणि आता ती गोष्ट जी तुम्हाला सगळेच सांगणार. "झिला, एकच बाटली हाड रे, कोण बघूक येता."

नाही आणायची. १९६१ पर्यंत पत्रादेवीला पोर्तुगिजांची हद्द होती, १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, स्मारक आहे रस्त्यालाच. आज ती फक्त दोन राज्यांमधली हद्द आहे. पण दारूच्या बाबतीत ती हद्द अजून तशीच आहे. गोव्यात टॅक्स कमी म्हणून बाटली स्वस्त, आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा, परमिटशिवाय गोव्याची बाटली आणणं गुन्हा, सील असो की बिल असो. बांद्याजवळच्या इन्सुली गावाला राज्य उत्पादन शुल्कचा (दारूवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याचा) तपासणी नाका आहे, एसटीतल्या बॅगा पण बघतात, आणि गाडी जप्त होऊ शकते. दोनशे रुपये वाचवायला सांगणारा काका तेव्हा नाक्यावर येत नाही. मी हसत सांगतो, "काका, बाटली सोडून काय ता सांगा." दोन वर्षं हेच म्हणतोय, आता विचारत नाहीत.

याचाच दुसरा भाग म्हणजे बंद पिशवी. कोणी शिवलेलं, टेप लावलेलं पार्सल दिलं आणि "आत कपडे आहेत" म्हणालं तर त्याच्यासमोर उघडायचं. राग येतो लोकांना. माझ्या सख्ख्या मामीला आला होता, आत खरंच चतुर्थीचे कपडे आणि खाजे होते. पण पिशवी तुमच्या हातात असताना नाक्यावर उघडली तर तुम्हालाच विचारणार, मामीला नाही. म्हणून सगळ्यांना एकच नियम, घरच्यांना पण. नवीन मोबाईल, गाडीचा पार्ट, काहीही महाग असेल तर बिल वस्तूसोबत हवं. दुकानदार जर तुमच्याकडून माल पाठवत असेल आणि किंमत पन्नास हजाराच्या वर असेल तर ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतं, ते त्याने काढायचं, तुम्ही नाही. विक्रीची मासळी पण घेऊ नका, २०१८ मध्ये मासळी टिकवायला फॉर्मलिन हे रसायन वापरल्याचं प्रकरण गाजलं, त्यानंतर बाहेरून गोव्यात जाणाऱ्या मासळीचे नियम कडक झालेत.

पैशाचं. वस्तूचे पैसे आधी, यूपीआयवर, तुमची मजुरी नंतर. उधारीवर औषध आणलं की मागायला लाज वाटते आणि महिनाअखेर ते पैसे गेलेले असतात. किलोवर नाही, कामावर रेट ठरवा. म्हापशात दुकानातून उचलायचं असेल तर मी ५० घेतो, बांबोळीला लाईन लावायची असेल तर २००, एकटं माणूस किंवा म्हातारं असेल तर कमी, ते ज्याचं त्याने ठरवायचं. दुसऱ्याचं एटीएम कार्ड आणि पिन मात्र कितीही विश्वासाने दिलं तरी घेऊ नका.

येताना पेट्रोल पत्रादेवीच्या अलीकडे, म्हणजे गोव्याच्या बाजूलाच भरा, तिकडे स्वस्त आहे. टाकीत भरा, कॅनमध्ये नाही.

रात्री घरी आलो की जेवायच्या आधी वाटप. पिशव्या ओट्यावर मांडतो, प्रत्येकीवर नाव आणि उरलेले सुट्टे पैसे बिलातच गुंडाळून रबर लावलेले. दोन रुपये असले तरी. शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहून बिल वाचतात, ओठ हलवत बेरीज करतात, मी काही बोलत नाही, होऊ दे बेरीज, मग वहीत त्यांच्या नावापुढे टिक मारतो आणि पुढची पिशवी उचलतो.